दहावा ठिपका

विमान धावपट्टीवर कधी उतरलंच नाही.

वीस मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. खाली निळं पाणी, मग बेट, किनाऱ्याची पांढरी रेघ, आणि समोर धावपट्टीचे दिवे. ताई दांडा हळूच मागे ओढायची. तेवढ्यात स्क्रीन काळी व्हायची. आत पंखे फिरत राहायचे, डब्यावरचा दिवा लुकलुकत राहायचा, पण समोर काळोख.

हा खेळ होता. कॉम्प्युटरवर विमान चालवण्याचा. खेळणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली तेव्हा बावन्न वर्षांची होती, धाकटी सेहेचाळीस. खऱ्या विमानात दोघींपैकी कुणीही कधी बसलं नव्हतं.

थोरली दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून ती मेणात एकेक दात बसवायची. केसाएवढा फरक तिला बोटाला कळायचा. गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, "कवळीताई समोरून आल्या की माझं तोंड आपोआप मिटतं. नाहीतर उभ्या उभ्या दात मोजतील."

"मोजून झालेत," ती चालता चालता सांगायची. "वरचा डावा सुळा किडलाय. दाखवून घ्या."

धाकटी मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतल्या चुका लाल पेनने काढायच्या, हे तिचं काम. घरातल्या चुका काढायचं काम मात्र ताईकडे होतं. आई गेली तेव्हा धाकटी चौदा वर्षांची होती आणि ताई वीस. तेव्हापासून धाकटीचं जेवण, झोप, कपडे, मैत्रिणी, सगळं ताईनेच मापात बसवलेलं. दोघींनी लग्न केलं नाही. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत दोन पलंग, दुसऱ्या खोलीत बाकी सगळं जग.

छापखान्याने धाकटीला घरून काम करायला सांगितलं, तेव्हा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली. धाकटी म्हणाली, तयार मिळतो तो घेऊ. ताईने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने उष्टा घास पुढे केला.

"तयार कवळी कुणाच्या तोंडात बसते का? मापाचा करायचा."

मग सुटे भाग आले. रिकामा डबा, म्हणजे कॅबिनेट, आला. मदरबोर्ड आला. चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड आलं, ते विटेएवढं जड. ताईने ते जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून जोडलं, आणि धाकटीने टॉर्च धरला. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. ताई म्हणाली, "स्क्रू माझे, शब्द तुझे." म्हणजे जोडणी ताईची आणि आतले प्रोग्रॅम धाकटीचे. त्यात ड्रायव्हर आले.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे धाकटीने तिला एका वाक्यात सांगितलं होतं. "ताई, कार्डाला एक भाषा येते, कॉम्प्युटरला दुसरी. मधे जो दुभाषा बसतो ना, तो ड्रायव्हर."

खेळ धाकटीनेच आणला. एका कंटाळलेल्या रविवारी दुपारी. पुढचे सगळे रविवार त्यात गेले. ताई विमान चालवायची, धाकटी शेजारच्या खुर्चीत नकाशा घेऊन बसायची, हातात लाल पेन.

"डावीकडे घे. ताई, डावीकडे. अगं हे उजवं झालं."

"वारा आहे."

"खोलीत कुठला वारा?"

"विमानाला आहे. तू नकाशा बघ."

एरवी त्या घरात ताई सांगायची आणि धाकटी ऐकायची. त्या वीस मिनिटांत उलटं असायचं. ताईला ते कळत नव्हतं असं नाही. तिला ते आवडायचं. आवडतं असं तिने कधी सांगितलं मात्र नाही.

आणि दर वेळी, उतरायच्या आधी, स्क्रीन काळी व्हायची.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की एक ओळ यायची: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं. ताईने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बघ. स्वच्छ लिहिलंय. ड्रायव्हर. कुणाचा? तुझा."

धाकटीने ड्रायव्हर काढला, नवा घातला. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा काळोख. तिने तो नऊ रविवार नऊ वेळा बदलला. दहाव्या रविवारी ती म्हणाली, "ताई, बोलणाराच बेशुद्ध पडला तर बिचारा दुभाषा काय सांगणार? माझ्याकडे काही उरलं नाही. खाली कुठेतरी काहीतरी नीट बसलेलं नाही."

"मी बसवलंय ते."

"म्हणूनच म्हणते, एकदा सगळं काढून बघ ना."

"मी बसवलेलं हलत नाही."

"मी कुठे हलतंय म्हणाले? चुकलं असेल म्हणाले."

"माझं?"

धाकटीने नकाशाची घडी घातली. मग शांतपणे विचारलं, "तू कधी चुकलीस गं? एकदा तरी? खरंच सांग, मला ऐकायचंय."

ताईने खरोखर विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाली, "आठवत नाही."

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. तीन आठवड्यांनी तिने सांगितलं, की दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रकाशनात नोकरी मिळाली आहे आणि तिथेच खोली बघितली आहे. तिचं सामान ताईनेच बांधलं. कप वर्तमानपत्रात गुंडाळले, मधे चिंध्या घातल्या. पोचल्यावर धाकटीचा फोन आला.

"एकही कप फुटला नाही ताई."

"फुटणार कसा? मी बांधले होते."

धाकटी म्हणाली, "हो, ते आहेच."

त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला फोन. बरी आहेस? बरी. पाणी येतं का वेळेवर? येतं. दोन मिनिटांत संपायचा. एकदा ताईने बोलायच्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या होत्या. सात निघाल्या. फोनवर दोनच बोलून झाल्या. उरलेल्या पाच कागदावरच राहिल्या.

अशी तीन वर्षं गेली.

या तीन वर्षांत ताईने मनाशी एक खूणगाठ बांधली होती. कॉम्प्युटर बिघडला म्हणून धाकटी गेली. तो दुरुस्त झाला की ती येईल. निदान तिला बोलवायला तोंड तरी राहील. हे तिने कुणाला सांगितलं नाही. ती फक्त दर रविवारी दुपारी टेबलाशी बसायची आणि बिघाड शोधायची.

शोधायची पद्धत तिची, कवळीच्या कामातली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, वहीत लिहायचं. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली. मग दुसरी. मग जागा बदलल्या. ग्राफिक्स कार्ड काढून, पुसून, पुन्हा बसवलं. सुट्या भागांच्या दुकानदाराकडून दुसरा पॉवर सप्लाय आठ दिवस वापरायला आणला. प्रत्येक वेळी विमान उडालं, बेट दिसलं आणि स्क्रीन काळी झाली.

मग नाइलाजाने ती धाकटीच्या हद्दीत शिरली. सेफ मोड, म्हणजे कॉम्प्युटर फक्त अगदी गरजेच्या प्रोग्रॅमवर चालू करणं, शिकली. जुना ड्रायव्हर मुळासकट काढायला शिकली, कारण वरवर काढला तर त्याचे तुकडे कोपऱ्यांत राहतात आणि नव्याशी भांडतात. तिला असे तुकडे सापडलेही. मदरबोर्डाचा स्वतःचा चित्र दाखवणारा भाग आणि हे वेगळं कार्ड, दोघांचे ड्रायव्हर एकाच वेळी जागे होते. तिने एकाला झोपवलं. दांड्याचा जुना ड्रायव्हर काढला. आवाजातली खरखर गेली. कॉम्प्युटर लवकर सुरू व्हायला लागला. वीसची तेवीस मिनिटं झाली. तिला वाटलं, जमलं. मग चोविसावं मिनिट आलं.

ड्रायव्हर एकदा नीट काढून नीट घालायला दीड तास लागायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा ताईची पाठ भरून आली. त्या दिवशी तिने वहीची मागची पानं चाळली. धाकटी ते नऊ वेळा करून बसली होती. एकदाही कुरकुरली नव्हती.

वहीतली सुरुवातीची पानं लालच लाल होती. ताईने लिहिलेल्या नोंदींवर धाकटीने सवयीने खुणा केलेल्या. इथे वेलांटी, इथे स्वल्पविराम, एका जागी समासात "हे वाक्य कुठे संपतं?" असा प्रश्न. पुढे तीन वर्षांची पानं ताईच्या एकटीच्या अक्षरात होती. त्यांत चुका किती ते देव जाणे. लाल पेन फिरवायला कुणी नव्हतं.

दुकानदार एकदा हात टेकून म्हणाला, "सगळं बदललंत की, कवळीताई. आता बदलायच्या फक्त तुम्ही उरलात."

"जास्त बोलू नका. दाढ दुखतेय ना तुमची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एका बाजूनेच चावताय मघापासून."

दुसऱ्याच्या तोंडातलं तिला असं दिसायचं.

त्याच सुमारास एक कवळी परत आली. एका म्हाताऱ्या बाईंची. तक्रार चमत्कारिक होती. कवळी घातली की छान बसते, बोलता येतं, जेवण सुरू होतं, आणि पंधरा मिनिटांनी एका जागी असं टोचतं की घास टाकून उठावं लागतं. ताईने तपासली, म्हणाली, कवळीत काही नाही, ठसा चुकलाय. कवळी परत गेली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा डॉक्टर स्वतः घेऊन आला. तरुण, मऊ बोलणारा.

"ताई, मी काही म्हणत नाही. तुम्हीही काही म्हणू नका. कागद काय म्हणतो ते बघू."

दातांच्या कामात एक निळा कागद असतो. पातळ, रंग सोडणारा. वरच्या आणि खालच्या दातांमधे धरायचा आणि चावायला लावायचं. जिथे टेकायला हवं तिथे ठिपका उमटतो. जिथे टेकायला नको तिथेही उमटतो. कागदाला भीड नसते. डॉक्टरने मागच्या दातांमधे कागद धरून चावायला लावलं होतं. उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर, नको त्या जागी, डाळीच्या दाण्याएवढा निळा ठिपका होता.

शेजारी बसून प्लास्टर कालवणारा सहकारी पुटपुटला, "आज सकाळी कुणाचं तोंड बघितलंत?"

तिने ती जागा घासली. दोनदा फुंकर मारली. कवळी डॉक्टरच्या हातात दिली. मग कपाटातून निळ्या कागदाच्या पाच-सहा पट्ट्या काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

पंधरा मिनिटं छान. मग टोचतं. वाटेत तिच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

रविवारी तिने कॉम्प्युटर टेबलावर आडवा केला. तीन वर्षांत तिने त्यातली प्रत्येक वस्तू काढून घातली होती. मदरबोर्ड सोडून. वहीत त्याची नोंदच नव्हती. बाकी सगळं ज्यावर उभं होतं, ते तिने पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने बसवलं होतं, आणि त्याच्याकडे पुन्हा बघायचं तिला सुचलंही नव्हतं.

नऊ स्क्रू काढले. बोर्ड उचलला. खाली कॅबिनेटच्या पत्र्यावर छोट्या पितळी खुंट्या उभ्या होत्या. बोर्ड पत्र्याला टेकू नये, वर तरंगत राहावा, म्हणून त्या असतात. बोर्डाला जिथे भोक तिथे खाली खुंटी. तिला त्या दिसल्या आणि त्यांत वावगं काही वाटलं नाही. तिनेच तर लावल्या होत्या.

तिने खुंट्यांवर निळ्या पट्ट्या ठेवल्या, त्यावर एक पांढरा कागद, त्यावर बोर्ड. तळव्याने हलकेच दाबला. उचलला. पांढरा कागद घेऊन ती खिडकीशी गेली आणि ठिपके मोजले.

दहा होते.

पुन्हा मोजले. दहाच. कागद बोर्डाच्या पाठीला लावून पाहिला. नऊ ठिपके नऊ भोकांवर बरोबर बसले. दहावा जिथे पडत होता तिथे भोक नव्हतं. तिथे डाखाचे, म्हणजे सोल्डरचे, टोकदार दाणे होते, विजेच्या वाटेवरचे. त्यातला एक दाणा काळा पडला होता. बोर्ड थंड असेपर्यंत अंतर राहायचं. वीस मिनिटांत तापायचा, जड कार्डाने किंचित वाकायचा, आणि तो दाणा पितळेला टेकायचा.

मग तिला तो दिवस आठवला. अगदी आवाजासकट. धाकटी टॉर्च धरून वाकली होती.

"ताई, ही एक जास्त नाही का? हिच्यावर भोकच नाही."

"बोर्ड मधे लवतोय. आधार जास्त असलेला बरा."

"पुस्तकात नऊच दाखवल्यात."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कवळी केलीये का कधी?"

धाकटी हसली होती. टॉर्चचा उजेड हलला होता. ताई म्हणाली होती, नीट धर.

ती खिडकीशी किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मग परत आली आणि पक्कडीने दहावी खुंटी काढली. ती सहज निघाली. सगळं पुन्हा जोडलं. विमान उडवलं. वीस मिनिटं झाली. तीस झाली. बेट खाली दिसत होतं, धावपट्टीचे दिवे लागलेले. स्क्रीन लख्ख होती. ताईने विमान उतरवलं नाही. बेटाभोवती फेऱ्या मारत राहिली. एक तास दहा मिनिटं. शेवटी आकाशात असतानाच तिने खेळ बंद केला आणि फोन उचलला.

"काय झालं?" धाकटीने पहिल्याच घंटेला घेतला. "आज अठरा तारीख. पडलीस का?"

"पडले नाही. कॉम्प्युटर दुरुस्त झाला."

"अरे वा!" धाकटी थांबली. "काय होतं?"

हे वाक्य ताईने बेटाभोवती फेऱ्या मारताना तासभर घोळून ठेवलं होतं.

"बोर्डाखाली एक खुंटी जास्त होती. मी लावलेली. तू विचारलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक माझी होती."

"ताई, तुला ताप-बिप नाही ना?"

"नाही."

"मग थांब, मला बसू दे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई म्हणाली, "मला वाटलं, हे कळलं की तू परत येशील."

धाकटीचा आवाज खाली आला.

"ताई, मी त्या कॉम्प्युटरमुळे नाही गं गेले."

"मग?"

"इथला अर्ज मी आधीच केला होता. भांडणाच्या दोन महिने आधी. सेहेचाळीस वर्षांची झाले, आणि दूध किती तापवायचं ते तू सांगत होतीस. मला माझ्या घरात माझ्या चुका करून बघायच्या होत्या."

ताईच्या हातात तो पांढरा कागद होता. तिने तो टेबलावर पालथा ठेवला. तीन वर्षांचे रविवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले. ती ज्या बिघाडाच्या मागे होती, त्याचा धाकटीच्या जाण्याशी काही संबंधच नव्हता.

"केल्यास?" तिने विचारलं.

"काय?"

"चुका."

"पुष्कळ. दोन भांडी जाळली. खिडकीचा पडदा उलटा शिवला, फुलं रस्त्याकडे. अजून तसाच आहे."

"मला का नाही सांगितलंस तेव्हा? जायचंय म्हणून?"

"तू नीट समजावलं असतंस, आणि मी राहिले असते. भांडून निघणं सोपं होतं."

हे खरं होतं. ताईने समजावलं असतं. छान मापात समजावलं असतं.

"ड्रायव्हर काढायला दीड तास लागतो," ती एकदम म्हणाली. "तू नऊ वेळा काढलास."

"तुला काय माहीत दीड तास ते?"

"मी सतरा वेळा काढला."

"तू? सेफ मोडमधे जाऊन?"

"हो."

"अगं, मग मला विचारायचंस की फोनवर! मी पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"विचारलं असतं, तर तू बरोबर ठरली असतीस."

धाकटी हसली. तोंड दाबून नव्हे, मोकळी. तीन वर्षांत ताईने तो आवाज ऐकला नव्हता. तो संपू नये म्हणून ती श्वास रोखून बसली. संपलाच.

परत कधी येशील, हे विचारायचं तिच्या ओठांवर होतं. तिने ते गिळलं. त्याजागी तिला जे सुचलं ते तिने आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. ती नेहमी सांगायची, शनिवारी येते, उद्या येते, निघालेय.

"मी येऊ का तुझ्याकडे?"

"तू?"

"बघायला. पडद्याबद्दल एक शब्द बोलणार नाही."

"बोलशील."

"बोलले तर दुसऱ्या दिवशी परत जाईन."

"कधी येतेस?"

"तू सांग," ताई म्हणाली. "तुला कधी चालेल ते तू सांग."

पलीकडे धाकटी उठली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. ताई फोन कानाशी घट्ट धरून ऐकत होती. मग आणखी एक पान उलटलं.